बदललेला जिन्नस



रसायनशास्त्राच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते. बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय बूच काढायचे नाही, हा त्यांच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. माझा आजचा विषय त्या नियमाला धरूनच आहे. शोभेची दारू, तिची रसायने आणि ती स्वतः करून पाहण्याची माणसाची हौस.

मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी थोड्या काळजीने विचारले होते, ‘कृती सांगणार नाही ना?’ सांगणार नाही. पण त्यात काही गुपित राखायचे आहे, असेही नाही. दारूकामाच्या कृती पाचशे वर्षे उघड्यावर पडलेल्या आहेत. पोथ्यांत आहेत, जुन्या छापील पुस्तकांत आहेत. कृतीची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती आणि आहे ती जिन्नसाच्या ओळखीची. कृती तीच ठेवायची आणि तिच्यातला एखादा जिन्नस बदलायचा, हे या कलेत सतत होत आले आहे. त्या बदलातून तिचे सगळे सौंदर्य आले, आणि तिचे बरेचसे मृत्यूही त्यातूनच आले. मला आज एवढेच मांडायचे आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय आतषबाजीचा इतिहास लिहिला. तो १९५३ मध्ये बंगळूरहून प्रसिद्ध झाला. पुस्तक लहानसे आहे, पण पोथ्या, बखरी आणि प्रवाशांची वर्णने यांतून एकेक कण वेचावा तशी त्यांनी माहिती गोळा केली आहे. त्यात ‘कौतुकचिंतामणि’ नावाच्या संस्कृत ग्रंथाची ओळख आहे. त्याचा कर्ता ओडिशाचा गजपती प्रतापरुद्रदेव. तो १४९७ मध्ये गादीवर आला. राजाने करमणुकीसाठी लिहिलेल्या या ग्रंथात दारूकामाच्या कृती चक्क श्लोकांत दिल्या आहेत.

त्यातली सामग्री पाहा : शोरा, गंधक, कोळसा, पोलादाचा कीस, जंगाल म्हणजे तांब्याचा गंज, हरताळ, पारा, हिंगूळ, गोमूत्र, तांदळाची पेज. पहिले तीन जिन्नस जगभर सारखे आहेत. पुढची यादी मात्र आपल्या मातीतली आहे. गोडे यांचा तर्क असा, की ही विद्या चीनकडून आली आणि तिकडचे जे जिन्नस इकडे मिळत नव्हते त्यांच्या जागी इथल्या कारागिरांनी आपल्या हाताशी असलेले घातले. म्हणजे भारतीय दारूकामाचा आरंभच बदली जिन्नसातून झाला. या बदलाने काही फार बिघडले नाही, आणि त्याचे कारण शोऱ्यात आहे. त्याकडे मी येतोच.

त्याआधी आपल्याकडे ही कला किती मुरली होती ते पाहू. एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’त कृष्णाच्या लग्नात दारूकाम उडवले आहे. द्वारकेत हवया होत्या का हा प्रश्न सोडा, सोळाव्या शतकातल्या श्रोत्यांनी लग्नात हवया पाहिल्या होत्या एवढे त्यावरून नक्की कळते. पेशव्यांच्या बखरीतला प्रसंग तर गोडे यांनी मोठ्या आवडीने दिला आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तिथला राजा नगराबाहेर ‘दारूची लंका’ करतो. मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि एक मोठा मारुती. मारुतीचे शेपूट पेटवले की तो उडू लागतो आणि लंकेतली घरे जाळीत सुटतो. पेशव्यांनी ऐकले आणि तसेच आपल्याकडे करण्याची आज्ञा केली. पंधरा दिवसांत तयारी झाली, आणि अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी लंका जळली. पेशवे आणि सरदार पर्वतीवरून पाहत होते, खाली लोकांची गर्दी उसळली होती.

ते काम उभे करणारी माणसे कोण होती? त्यांची नावे बखरीत नाहीत. पण उडता मारुती पंधरा दिवसांत उभा करायचा तर शोरा किती कोरडा आहे, कोळसा कोणत्या लाकडाचा आहे, बिडाचा कीस किती जाड आहे, हे बोटांना कळावे लागते. हे ज्ञान श्लोकात मावत नाही. प्रतापरुद्राची पोथी पाठ असलेल्या पंडिताला भुईनळा करता आला असता का, याची मला शंका आहे.

आता शोऱ्याकडे. शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आपल्या देशात तो मुख्यतः बिहारमधून यायचा. गुरांचे मूतखाने, जुन्या मातीच्या भिंती, वस्तीभोवतीची जमीन अशा ठिकाणी जिवाणूंच्या कामामुळे माती खारते. पावसाळा सरला, ऊन पडले, की तिच्यावर पांढरी नोनी फुलते. नोनिया समाजाची माणसे ही माती खरवडत, पाण्यात मुरवत, राखेचा उपयोग करून गाळत आणि आटवत. राखेतल्या पोटॅशने मातीतल्या चुन्याच्या नायट्रेटचे रूपांतर शोऱ्यात होते हे रसायनशास्त्राने नंतर सांगितले, पण करणाऱ्यांना ते हाताने ठाऊक होते. डच आणि इंग्रज कंपन्या या मालासाठी पाटण्यात ठाण मांडून बसल्या. प्लासीच्या लढाईनंतर लगेच, १७५८ मध्ये, इंग्रजांनी मीर जाफरकडून बिहारच्या शोऱ्याचा मक्ता मिळवला. युरोपातल्या लढायांची दारू आणि आपल्या लग्नांतले भुईनळे एकाच मातीतून निघत होते.

शोऱ्याचा स्वभाव सोशीक आहे. तो ज्वलनाला प्राणवायू पुरवतो, पण त्यासाठी त्याला आधी चांगली उष्णता द्यावी लागते. शोरा, गंधक, कोळसा यांची दारूही धोक्याचीच. तिने कारखानेच्या कारखाने उडवले आहेत. तरी शेकडो वर्षांच्या चुकांतून तिच्याशी वागण्याची एक रीत तयार झाली होती. प्रतापरुद्राच्या काळातल्या कारागिराने जंगालाऐवजी दुसरे काही घातले तर फार तर झळाळी बिघडे. कणा शोऱ्याचा होता, तो बदलत नव्हता.

तो बदलला पॅरिसजवळ. क्लोद बर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८० च्या दशकात पोटॅशियम क्लोरेट हा नवा क्षार तयार केला. शोऱ्यापेक्षा तो कितीतरी सहज प्राणवायू सोडतो. फ्रान्सचा दारूकारखान्यांचा कारभार तेव्हा लाव्हाझिएच्या हाती होता. तोच तो, आधुनिक रसायनशास्त्राचा जनक. विचार सरळ होता : बंदुकीच्या दारूत शोऱ्याऐवजी हा क्षार घातला तर दारू अधिक जोरकस होईल. १७८८ मध्ये एसोन इथल्या कारखान्यात प्रयोग ठेवला. लाव्हाझिए, त्याची पत्नी आणि बर्तोले हजर होते. स्फोट झाला. हे तिघे वाचले, दोघे जण गेले. त्या दिवशी तिथे जगातले दोन अव्वल रसायनशास्त्रज्ञ उभे होते. कृती जुनी आणि कसोटीला उतरलेली होती. बदलला होता एक जिन्नस.

एवढे होऊनही क्लोरेटने दारूकाम जिंकले, आणि त्यामागे रंग होते. तोवरची आतषबाजी सोनेरी, रुपेरी, पिवळट आणि पांढरी असायची. खरा लाल, खरा हिरवा माणसाने आकाशात पाहिलेला नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्वालापरीक्षा केलेल्यांना आठवेल : स्ट्राँशियमचा किरमिजी, बेरियमचा हिरवा, सोडियमचा पिवळा, तांब्याचा निळसर हिरवा. हे रंग आकाशात भरभरून उमटायला ज्योत चांगली तापलेली हवी आणि तिच्यात क्लोरीन हवा. क्लोरेटने दोन्ही दिले. एकोणिसाव्या शतकात आकाश रंगीत झाले ते त्याच्यामुळे. शतकाच्या उत्तरार्धात मॅग्नेशियमची आणि मग अॅल्युमिनियमची भुकटी आली आणि डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश मिळाला.

पण जुन्या कारागिरांच्या हातात जुनी सवय होती, आणि त्यांच्या जुन्या कृतींत गंधक होता. गंधक आणि क्लोरेट यांचा संग वाईट. घासले, आपटले तर पेट घेतो. दमट हवेत गंधकात आम्ल तयार झाले तर ठेवल्या जागीही पेटू शकतो. किती कामगार या एका संगाने गेले असतील त्याची मोजदाद नाही. ब्रिटनने १८९४ मध्ये गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेल्या दारूकामावर बंदी घातली. भारतात ती बंदी १९९२ मध्ये आली. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत आपण काय करत होतो, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. त्याच काळात आपल्याकडच्या पोरांच्या एका पिढीने ‘गंधक-पोटॅश’ हा दिवाळीचा खेळ समजून खेळला. त्यातल्या कुणाची बोटे गेली, कुणाचा डोळा. किराणा दुकानातून ‘पोटॅश’ आणताना ते कोणते पोटॅश हे देणाऱ्यालाही ठाऊक नसे आणि घेणाऱ्यालाही.

इथे हौशीचा मुद्दा येतो, आणि त्याला मी थट्टेवारी नेणार नाही. स्वतःच्या हाताने काही पेटवून आकाशात पाठवावे, ही ओढ खरी आहे. रसायनशास्त्राकडे कित्येक मुले वळली ती याच ओढीने. इंग्लंडमधले रेव्हरंड रॉन लँकेस्टर हे तिचे उत्तम उदाहरण. हडर्सफील्ड या फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाकडचा हा मुलगा पुढे धर्मोपदेशक झाला, किंबोल्टन इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि हौस जपत जपत परवानाधारक दारूकामाची कंपनी काढून मोठमोठ्या समारंभांची आतषबाजी करू लागला. त्यांनी १९७२ मध्ये काढलेले पुस्तक या विषयातले प्रमाण मानले जाते. हौशीतून सुरू झालेला हा प्रवास घराच्या माडीवर राहिला नाही. परवाना, जागा, तपासणी आणि जबाबदारी यांच्या चौकटीत गेला.

दुसरे उदाहरण एका अख्ख्या देशाचे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा या चिमुकल्या देशात गावोगावच्या संतांचे उत्सव असतात आणि उत्सवाची आतषबाजी गावकरी स्वतः करतात. सुतार, शिक्षक, कारकून दिवसाचे काम संपवून गावाबाहेरच्या मंडळाच्या कारखान्यात जातात आणि वर्षभर गोळे भरतात. पगार नाही. एकाच गावात दोन मंडळे असली तर चुरस अशी, की आपल्या गणेशमंडळांनी पाहावे. रसायने मंडळ मागवते, काम परवानाधारकांच्या देखरेखीखाली चालते, वस्तीपासून अंतर राखावे लागते. जगात हौशी दारूकामाची इतकी संघटित परंपरा क्वचितच असेल.

आणि तरीही ५ सप्टेंबर २०१० रोजी त्याच देशातल्या गोझो बेटावरच्या घर्ब गावात कारखाना उडाला आणि सहा माणसे गेली. अशा अपघातांच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला. पुढे माल्टा विद्यापीठातल्या रसायनतज्ज्ञांना बेटांवरच्या धुळीत पर्क्लोरेट सापडले. ते क्लोरेटचे भावंड, तुलनेने शांत, म्हणूनच आज त्याच्या जागी वापरले जाणारे. बदली जिन्नसाने कारागिराचा धोका कमी केला, पण तो गावाच्या धुळीत येऊन बसला. पर्क्लोरेट शरीरात फार गेले तर थायरॉइडच्या कामात अडथळा आणते. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या, मंडळात बांधलेल्या हौशीलाही जिन्नस पुरता ओळखता येत नाही, असा याचा अर्थ.

मग घरी एकट्याने करणाऱ्याचे काय? त्याला आज माल मिळवणे अवघड नाही, हीच अडचण आहे. एखादा क्षार शेतीसाठी विकला जातो, एखादा रंगासाठी, एखादा प्रयोगशाळेसाठी. पाकिटावर नाव एकच असते, आतला माल एक नसतो. शुद्धता वेगळी, कण वेगळा, ओल वेगळी, भेसळ वेगळी. कारखान्यात नमुना तपासला जातो, हवेतली आर्द्रता पाहिली जाते, अंगावर सुती कपडे असतात, पायाशी स्थिर विजेला जमिनीत वाट दिलेली असते, एका खोलीत माणसे आणि माल मोजके ठेवलेले असतात. एवढे असूनही शिवकाशीच्या परिसरात, मुदलीपट्टीला, २०१२ मध्ये कारखान्यातल्या स्फोटात जवळजवळ ४० माणसे गेली. घरच्या ओट्यावर यातले काहीच नसते. असतो तो कुठून तरी उतरवलेला कागद, आणि त्या कागदावरच्या नावाशी जुळणारे पाकीट.

इथेच कायद्याचा विषय निघतो. लोकांना वाटते सरकार उगाच हौस मारते. स्फोटकांचा आपला कायदा १८८४ चा आहे, सध्याचे नियम २००८ चे. परवान्याशिवाय फटाका तयार करता येत नाही, मग तो विकायचा असो की आपल्या अंगणात उडवायचा. एका वेळी १५ किलोपर्यंतच्या लहान कारखान्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. त्यावरचे काम पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. जत्रा-उरुसांत दारूकाम करणारी आपली पिढीजात घराणी याच लहान परवान्याच्या कक्षेत येतात. नियम कुचकामी आहेत असे मला वाटत नाही. ते अपुरे आहेत, असे वाटते. ते जागा मोजतात, अंतर मोजतात, किलो मोजतात. शिकवण्यावर त्यांचा तेवढा भर नाही. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे दारूकामाच्या स्फोटात शंभराहून अधिक माणसे मेली. तिथे तर जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. कागदावरचा नकार आतषबाजीच्या चुरशीला थांबवू शकला नाही.

आता प्रतापरुद्राच्या यादीकडे पुन्हा एकदा बघू, कारण तिच्यात एक गंमत आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग. पारा तर पाराच. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे आणि गंधकाचे संयुग. ३१ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत पाच द्रव्ये वापरण्यास मनाई केली : अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसे. त्यातली दोन राजाच्या श्लोकांतली आहेत. पाचशे वर्षांनी कुणीतरी ती यादी तपासून दोन नावांवर काट मारली. पुढच्या वर्षी, २३ ऑक्टोबर २०१८ रोजी, न्यायालयाने बेरियमचे क्षारही काढून टाकायला सांगितले, आणि ‘हरित फटाके’ हा शब्द घरोघर पोचला.

त्या हरित फटाक्यांचे सूत्रही नागपूरचेच. तिथल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, जुन्या घडणीत जिन्नस बदलून धूर आणि धूळ कमी करणारे फटाके तयार केले. अॅल्युमिनियम कमी केले, बेरियम नायट्रेट कमी केले किंवा टाळले, धूळ दाबणारी द्रव्ये घातली. हा बदल कसा झाला ते पाहा. प्रयोगशाळेत, मोजून, लिहून, आणि त्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर ठेवून. एसोनपेक्षा हा रस्ता निराळा आहे.

पण २०२१ मध्ये न्यायालयासमोर केंद्रीय अन्वेषण विभागाचा जो अहवाल आला त्यात काही उत्पादक बंदी असलेले बेरियमचे क्षार वापरत असल्याचे आणि खोक्यांवर खोटी माहिती छापत असल्याचे आढळले. म्हणजे घरच्या हौशीपुढे जो प्रश्न आहे तोच फटाका विकत घेणाऱ्यापुढेही आहे : आत काय आहे? हरित असल्याची खूण बाहेर, आणि आत जुनाच माल. किराणा दुकानातल्या ‘पोटॅश’पासून आपण फार पुढे आलो, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

तर मग हौशी माणसाने काय करावे? मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत.

पहिली शाळांसाठी. ज्वालापरीक्षा परत आणा, आणि ती मुलांना शिक्षकांच्या समोर प्रत्यक्ष करू द्या. अनेक शाळांत ती आता चित्रफितीवर दाखवली जाते. स्ट्राँशियमचा लाल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ज्योतीत पाहिलेल्या मुलाची अर्धी ओढ तिथेच भागते, आणि उरलेली अर्धी त्याला रसायनशास्त्राच्या वर्गात घेऊन जाते. चोरून पाकीट आणण्याची गरज ज्यांना वाटते त्यांतल्या पुष्कळांना खरे तर एवढेच हवे असते.

दुसरी जत्रांतल्या दारूकामासाठी. ही घराणी आपल्याकडच्या दारूच्या लंकेचे शेवटचे वारस आहेत. त्यांचा परवाना नूतनीकरणाच्या शिक्क्यापुरता न ठेवता, त्यांच्या मुलांसाठी दारूकामाचा एक रीतसर अभ्यासक्रम सुरू व्हावा. परवाना देणारी संघटना नागपुरात, हरित सूत्र काढणारी संस्था नागपुरात. दोन्हींच्या मधले अंतर रिक्षाने जाण्याएवढे. एवढ्या अंतरात आपण एक वर्ग बांधू शकलो नाही, याला अडचण पैशांची आहे असे मला वाटत नाही. आणि ज्याला खरोखरच दारूकाम हाताने करायचे आहे अशा हौशी माणसालाही या वर्गात जागा असावी : शिकाऊ म्हणून, परवानाधारकाच्या जागेत, त्याच्या देखरेखीखाली. माल्टातली मंडळे अपघातांमधूनही टिकली आहेत ती याच घडणीमुळे.

तिसरी आपल्या सगळ्यांसाठी, आणि सर्वांत साधी. औषधाच्या बाटलीवर घटकद्रव्ये छापलेली असतात, बिस्किटाच्या पुड्यावरही असतात. फटाक्याच्या खोक्यावर जे लिहिले आहे ते कुणी तपासले, कधी तपासले आणि चूक निघाली तर कोण उत्तर देणार, हेही त्याच खोक्यावर मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात असावे. ग्राहकाने ते मागावे. दुकानदाराला विचारावे. येत्या दिवाळीत शंभर ग्राहकांनी विचारले तर दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारील, व्यापारी कारखान्याला विचारील. कायद्याला जिथवर पोचता येत नाही तिथवर हा प्रश्न पोचतो.

हौस मारू नका, तिला नावगाव असलेल्या जागी न्या, आणि जिन्नस ओळखल्याशिवाय त्याला हात लावू नका, एवढे माझे सांगणे आहे.